फ्रँकफर्टचा करार आणि शहापूरचे पाणी : एका पुस्तिकेच्या प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

पुस्तिकेच्या कामाला आज रीतसर सुरुवात झाली. आमचा ठाण्यातील अभ्यासगट पाच जणांचा आहे आणि हवामान बदलाविषयी मराठीत काही वाचायला मिळावे म्हणून आम्ही वर्षाला एक लहान पुस्तिका काढतो. शहरे आणि आदिवासी समाज यांची हवामान बदलाच्या प्रश्नावरील भागीदारी हा यंदाचा विषय आहे. ४० पाने, ५०० प्रती आणि दिवाळीनंतर छपाई असा बेत ठरला. मुख्य उदाहरण म्हणून ‘क्लायमेट अलायन्स’ या संघटनेची निवड झाली. तिचे पूर्ण नावच ‘युरोपीय शहरांची वर्षावनातील आदिवासी लोकांशी हवामान आघाडी’ अशा अर्थाचे आहे. नोंदवही माझ्याकडे आली.

मुंबईत ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात लागू आहे. बैठकीची पहिली पंधरा मिनिटे तलावांच्या पातळीवर बोलण्यात गेली. ते विषयांतर समजून मी नोंदीत घेणार नव्हते. तरी एक ओळ ठेवते.

१८ जून

इतिहासाचा भाग वाचून झाला. ऑगस्ट १९९० मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड येथील काही नगरपालिकांचे प्रतिनिधी आणि ॲमेझॉन खोऱ्यातील आदिवासी संघटनांचे प्रतिनिधी फ्रँकफर्टमध्ये एकत्र बसले आणि त्यातून ही आघाडी उभी राहिली. या वर्षाकडे लक्ष द्यायला हवे. रिओची वसुंधरा परिषद १९९२ ची आणि क्योटो करार १९९७ चा. म्हणजे देशांची सरकारे हवामानाच्या करारावर सह्या करण्याच्या आधीच काही नगरपालिकांनी स्वतःवर बंधन घालून घेतले होते.

युरोपीय वृत्तांतांत ही कल्पना युरोपातील शहरांना सुचल्यासारखी मांडलेली असते. तारखा जुळवून पाहिल्या तर चित्र वेगळे दिसते. ॲमेझॉन खोऱ्यातील आदिवासी संघटनांचा महासंघ, ज्याला ‘कोइका’ म्हणतात, तो १९८४ साली पेरूची राजधानी लिमा येथे स्थापन झाला. १९८९ मध्ये या महासंघाने जागतिक बँकेसारख्या कर्ज देणाऱ्या संस्थांना आणि उत्तरेकडील पर्यावरणवाद्यांना उद्देशून निवेदने काढली. आमच्या जंगलाबद्दल आम्हाला वगळून ठरवू नका, असा त्यांचा आशय होता. मे १९९० मध्ये पेरूतील इकितोस येथे पर्यावरण संघटनांबरोबर त्यांची परिषद झाली आणि जंगल वाचवायचे असेल तर आदिवासींच्या भूभागाला मान्यता मिळाली पाहिजे, हे तेथे एकत्रितपणे मान्य झाले. फ्रँकफर्टची बैठक त्यानंतर तीन महिन्यांनी झाली. कोइकाचे तेव्हाचे प्रमुख एव्हारिस्तो नुगकुआग हे अवाहून समाजाचे होते आणि १९८६ सालीच त्यांना ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला होता. ही मंडळी मदत मागायला आली नव्हती, मागणी घेऊन आली होती. पुस्तिकेतील पहिला परिच्छेद लिमापासून सुरू करावा, असे मी सुचवले आणि ते मान्य झाले.

२५ जून

शब्दांची यादी केली. इंग्रजीतील ‘इंडिजिनस’ या शब्दासाठी मराठीत एकच शब्द निवडणे अवघड आहे. ‘मूलनिवासी’ हा शब्द महाराष्ट्रात एका विशिष्ट राजकीय मांडणीशी जोडला गेला आहे, ‘वनवासी’ दुसऱ्या मांडणीशी, आणि ‘भूमिपुत्र’ म्हटले की वाचकाला नोकऱ्यांतील आरक्षण आठवते. ‘अनुसूचित जमाती’ हा कायद्यातला शब्द, तो पेरूतल्या माणसाला लावता येत नाही. संयुक्त राष्ट्रांनी १३ सप्टेंबर २००७ रोजी आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला तेव्हा भारताने बाजूने मत दिले, पण सगळेच भारतीय मूळचे इथलेच, अशी सरकारची भूमिका राहिली. त्यामुळे हा शब्दांचा घोळ आमच्यापुरता नाही. शेवटी ‘आदिवासी’ हाच शब्द सर्वत्र वापरायचा ठरला, कारण पाड्यावरची माणसे स्वतःला तेच म्हणतात. ‘पार्टनरशिप’ला ‘भागीदारी’. त्यावर कोणी हरकत घेतली नाही.

८ जुलै

आजचा दिवस रिओ नेग्रोत गेला. ब्राझीलच्या वायव्य टोकाला, कोलंबिया आणि व्हेनेझुएलाच्या सीमेजवळ साओ गाब्रिएल दा काशोएइरा नावाचे गाव आहे. १९८७ मध्ये तेथे रिओ नेग्रो नदीच्या खोऱ्यातील आदिवासी संघटनांचा महासंघ स्थापन झाला. त्याचे संक्षिप्त नाव ‘फोइर्न’. २३ आदिवासी समाज त्यात आहेत. या नगरपालिकेने २००२ मध्ये पोर्तुगीजच्या बरोबरीने निएनगातू, तुकानो आणि बानिवा या तीन भाषांना अधिकृत दर्जा दिला. हे वाचून आमच्या गटातील निवृत्त शिक्षक बराच वेळ गप्प होते. पालघरच्या वारली पाड्यांवरच्या शाळांत त्यांची तीस वर्षे प्रमाण मराठी शिकवण्यात गेली आहेत.

ऑस्ट्रियातील क्लायमेट अलायन्सच्या सदस्य नगरपालिका १९९३ पासून फोइर्नच्या भागीदार आहेत. यांतल्या कित्येक नगरपालिका आपल्याकडच्या मोठ्या ग्रामपंचायतीएवढ्या आहेत. त्यांनी काय दिले याचा शोध घेताना आम्हाला झाडे लावण्याचा कार्यक्रम, सौर कंदील असे काही सापडेल असे वाटले होते. प्रत्यक्षात सुरुवातीच्या वर्षांतला भर संघटनेचे काम चालू राहण्यावर आणि जमिनीच्या हक्कावर होता. नदीकाठच्या वस्त्या एकमेकींपासून होडीने कित्येक दिवसांच्या अंतरावर असतात. बैठक बोलवायची तर इंधन लागते आणि हद्द आखायची तर नकाशे लागतात. एप्रिल १९९८ मध्ये ब्राझील सरकारने मध्य आणि उत्तर रिओ नेग्रोतील एकमेकांना लागून असलेल्या पाच आदिवासी प्रदेशांना अंतिम मान्यता दिली. एकूण क्षेत्र सुमारे १ कोटी ६ लाख हेक्टर, म्हणजे १ लाख चौरस किलोमीटरहून जास्त. विदर्भापेक्षा मोठे, आणि खुद्द ऑस्ट्रियापेक्षाही मोठे. हे यश फोइर्नचे आणि ब्राझीलच्या १९८८ च्या संविधानाने आदिवासींना दिलेल्या हक्कांचे आहे, ऑस्ट्रियातील गावांचे नव्हे. ती गावे एवढेच म्हणू शकतात की त्या काळात आम्ही सोबत होतो आणि नंतरही निघून गेलो नाही. अनुदान साधारण तीन वर्षांत संपते, अशी आमच्याकडच्या प्रकल्पांची रीत असल्यामुळे मला हे दुसरे म्हणणे अधिक वजनाचे वाटते.

९ जुलै

कालच्या नोंदीत एक भर. याच ऑस्ट्रियातील एका कंपनीने ब्राझीलच्या शिंगू नदीवरील बेलो मोंते धरणासाठी यंत्रसामग्री पुरवली आणि त्या धरणाला तिथल्या आदिवासींचा अनेक वर्षे विरोध होता. नगरपालिका सोबत असली म्हणून देश सोबत असतो असे नाही. हे पुस्तिकेत घ्यायचे. गटातील एकाला ते उगाच वाटले. चार विरुद्ध एक.

१५ जुलै

दुसऱ्या प्रकरणाच्या कच्च्या मसुद्यात मीच केलेली चूक आज सापडली. ‘आदिवासी जंगल राखतात आणि त्याच्या मोबदल्यात शहरे त्यांना पैसे देतात’ असे मी लिहून गेले होते. कार्बनच्या बाजाराबद्दल (दुसऱ्याने वाचवलेला कार्बन पैसे देऊन आपल्या खात्यावर दाखवण्याची व्यवस्था) इतके वाचलेले असते की हात आपोआप तसे लिहितो. फ्रँकफर्टच्या बैठकीतून निघालेल्या १९९० च्या जाहीरनाम्यात असा सौदा नाही. त्यातले वचन शहराच्या स्वतःच्या उत्सर्जनाचे आहे : १९८७ च्या पातळीच्या तुलनेत २०१० पर्यंत कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन निम्मे करणे. त्याबरोबर ओझोनचा थर विरळ करणारी रसायने टाळणे, सरकारी कामात उष्णकटिबंधातील जंगलांचे लाकूड न वापरणे आणि आदिवासींच्या भूमी हक्काला पाठिंबा देणे. जंगलाने शोषलेला कार्बन शहराच्या खात्यावर जमा धरण्याची तरतूद त्यात नाही. म्हणजे फ्रँकफर्टच्या नगरपालिकेने आपल्या शाळांच्या खिडक्या, बसगाड्या आणि दिवे यांचा हिशोब करायचा आणि ॲमेझॉनमधल्या माणसाने आपली जमीन राखायची; एकाने दुसऱ्याचे काम विकत घ्यायचे नाही. सगळे प्रकरण या दृष्टीने पुन्हा लिहावे लागेल.

वचन पाळले गेले का, हेही स्पष्ट लिहायचे ठरले. २०१० पर्यंत निम्मे हे उद्दिष्ट आघाडीला गाठता आले नाही. पुढे ते बदलून दर पाच वर्षांनी १० टक्के घट आणि १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत दरडोई उत्सर्जन निम्मे, असे करण्यात आले. सदस्यसंख्या मात्र वाढत गेली. आज ती सतराशेच्या वर आहे. सदस्य वाढले आणि मुदत पुढे गेली, ही दोन वाक्ये आम्ही शेजारी शेजारी ठेवली आहेत.

२३ जुलै

म्युनिक शहर आणि पेरूतील अशानिंका समाज यांच्या नात्यावर अर्धे पान पुरेसे आहे. व्हँकुव्हरवर एक चौकट : त्या शहराने २०१४ मध्ये ठराव करून आपण मस्क्वीम, स्क्वॉमिश आणि त्स्लेल-वॉटुथ या लोकांच्या कधीही रीतसर न सोडलेल्या भूमीवर वसलो आहोत, असे मान्य केले. ठराव अवघ्या काही ओळींचा असला तरी, ‘आपण कोणाच्या जमिनीवर उभे आहोत’ हा प्रश्न मराठीत लिहिल्यावर तो व्हँकुव्हरपुरता राहत नाही.

३० जुलै

पाणीकपात कालपासून मागे घेतली गेली. आठवडाभरात तलाव भरत गेले आणि भरून वाहणाऱ्या पाण्याची छायाचित्रे सगळ्यांच्या फोनवर आली.

त्यावरून आजच्या बैठकीत खडाजंगी झाली. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी विहार (१८६०) आणि तुळशी हे दोनच शहराच्या हद्दीत आहेत. तानसा (१८९२), मोडक सागर (१९५७), अप्पर वैतरणा, भातसा आणि मध्य वैतरणा (२०१४) हे पाच ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या आदिवासी भागात आहेत. साती तलावांची मिळून उपयुक्त साठवण १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर आहे. शहापूर तालुका या धरणांच्या कुशीत आहे आणि दर उन्हाळ्यात तिथल्या पाड्यांना टँकर लागतो. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण या तालुक्याबद्दलच्या बातम्यांत इतक्यांदा येते की आता ती डोळ्यांना दिसेनाशी झाली आहे. तालुक्याची नवी पाणीयोजना नाशिक जिल्ह्यातील भावली धरणावरून आहे, म्हणजे उशाचे धरण सोडून घाटावरून पाणी आणायचे.

मी म्हणाले की हे सगळे सोडून फक्त ॲमेझॉनबद्दल लिहिणे म्हणजे शेजारच्या घरातले भांडण ऐकू येऊ नये म्हणून रेडिओ मोठा करण्यासारखे आहे. उलट मत असे पडले की मुंबई आणि शहापूर यांच्यात भागीदारी अशी नाहीच, तेव्हा भागीदारीवरच्या पुस्तिकेत ते कसे बसेल. शेवटी १२ पानांचे एक प्रकरण वाढवायचे ठरले, पण घरी बसून लिहायचे नाही या अटीवर.

९ ऑगस्ट

जागतिक आदिवासी दिन. संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासीविषयक कार्यगटाची पहिली बैठक १९८२ मध्ये ज्या दिवशी झाली तो हा दिवस. आसनगावहून तालुक्याच्या गावी पोहोचेपर्यंत मिरवणूक निघाली होती. तारपा हे फुंकवाद्य पुढे, मागे दोन-तीनशे माणसे. तिथून ओळखीच्या कार्यकर्तीबरोबर आम्ही तानसाच्या पाणलोट क्षेत्रातील एका पाड्यावर गेलो. पाड्याचे नाव नोंदीत घेत नाही, कारण वनहक्काचे काही दावे अजून अडकलेले आहेत.

पंचवीस-तीस माणसे जमली, बहुतेक ठाकूर आणि काही कातकरी घरे. मी फ्रँकफर्टची गोष्ट सांगितली. लोकांनी शांतपणे ऐकली; फोइर्नच्या जमिनीचा आकडा आला तेव्हा एकाने तो पुन्हा सांगायला लावला. मग एका वयस्कर बाबांनी विचारले, “ताई, भागीदारी म्हणजे अर्धेलच ना? मग आधी सांगा, जमीन कोणाची धरायची?” अर्धेल म्हणजे मालकाची जमीन, कसणाऱ्याचे श्रम आणि पिकाची वाटणी. ठाणे जिल्ह्यात या शब्दामागे वेठबिगारीचा आणि १९४५ च्या वारल्यांच्या उठावाचा इतिहास आहे. २५ जूनला ज्या शब्दावर कोणीच हरकत घेतली नव्हती, तो इथे पहिल्या पाच मिनिटांत अडला. मी म्हणाले, जमीन तुमची धरायची. “कागदावर तर वनखात्याची आहे,” ते म्हणाले, आणि लोक हसले.

पुढची चर्चा तासभर चालली. बायकांचे म्हणणे असे की पाड्याची विहीर पूर्वी होळीपर्यंत पुरायची, आता संक्रांतीनंतर तळ दिसतो. पाऊस उशिरा येतो आणि एकदम पडतो, त्यामुळे भाताचा राब दोनदा वाया गेला आहे. दिवाळीनंतर निम्मा पाडा वीटभट्टीवर जातो आणि त्या विटा आपल्याच शहरात येतात, हे कोणी बोलून दाखवले नाही, मीच वहीत लिहिले. ‘जंगल राखल्याबद्दल शहराने काही द्यावे का’ असे विचारल्यावर एका मावशींनी सांगितले की देण्याचे नंतर बघू, आधी जलवाहिनीवर आमच्यासाठी एक तोटी काढा आणि आमचा सामूहिक दावा मंजूर करा. पाच आठवडे वाचन करून १५ जुलैला मी जे वहीत लिहिले होते, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले : जमिनीचा हक्क, आणि शहराने आपल्या घरात करायचे काम.

२ सप्टेंबर

नवे प्रकरण लिहायला घेतले. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात गारगाई धरणाचा प्रस्ताव आहे. त्यातून मुंबईला दिवसाला ४४० दशलक्ष लिटर पाणी मिळेल आणि आदिवासी गावे व तानसा अभयारण्यातील जंगल पाण्याखाली जाईल. दुसरीकडे मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे (जितका कार्बन सोडला जातो तितकाच शोषला जाण्याचे) उद्दिष्ट ठेवले, म्हणजे देशाच्या उद्दिष्टाच्या २० वर्षे आधी. आराखड्याच्या सहा विषयांत जलव्यवस्थापनही आहे. पण ते पाणी ज्या पाणलोटातून येते तिथल्या ग्रामसभा या आराखड्यात सहीदार नाहीत.

इथे एक अडचण लक्षात आली, जी युरोपीय कागदपत्रे वाचताना सुचली नव्हती. क्लायमेट अलायन्समध्ये शहर सामील होते ते नगरपरिषदेच्या ठरावाने; ठराव मांडला जातो, त्यावर वाद होतो, मत पडते आणि पुढच्या निवडणुकीत त्याचा जाब विचारता येतो. मुंबई महापालिकेतील नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि हे लिहिताना, २०२४ मध्ये, तिथे प्रशासक होता, ठाण्यातही तेच. ठराव करणारे सभागृहच नसताना शहराच्या वतीने वचन कोण देणार? गंमत अशी की पलीकडच्या बाजूला सभागृह आहे. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा महाराष्ट्रभर ठाऊक आहे. तिथे निर्णय सर्वांच्या सहमतीने होतात आणि निर्णयाआधी अभ्यासगट बसतो. आमच्या गटाचे नावही तिथूनच घेतलेले आहे. मुंबईने उद्या करार करायचे ठरवले तर सही करायला ग्रामसभा तयार सापडेल आणि मुंबईचीच खुर्ची रिकामी असेल.

२३ सप्टेंबर

पाने ४० वरून ४८ झाली. कागद महागला आहे. नकाशातील जलवाहिन्यांच्या रेषा जाड काढायच्या.

१३ ऑक्टोबर

आचारसंहिता लागण्याच्या आत पाड्यावर मसुदा वाचून दाखवला. कापणी सुरू झाल्यामुळे माणसे कमी होती. मुंबईच्या प्रकरणात मी ‘भागीदारी’ हा शब्द काढून ‘करार’ वापरला होता, तो बाबांना चालला. करार मोडला तर दाखवायला कागद असतो, असे ते म्हणाले. ॲमेझॉनच्या प्रकरणांत ‘भागीदारी’ राहू दिली आहे, कारण तिथल्या लोकांनी ती स्वतःहून मान्य केलेली आहे.

एक मोठा बदल त्यांनी सुचवला. धरणांचा तक्ता शेवटच्या परिशिष्टात होता : नाव, वर्ष, शहराला पाणी कधी सुरू झाले. मावशी म्हणाल्या, हा पहिल्या पानावर घ्या आणि अजून एक रकाना काढा, ‘आमच्या पाड्याला नळ कधी आला’. गटातील सगळ्यांना ते पटले. लिमापासून सुरुवात करण्याचा माझा आग्रह त्यामुळे सहाव्या पानावर गेला. थोडे वाईट वाटले.

१२ नोव्हेंबर

छापखान्यातून अंतिम तपासणीची पाने आली. शुद्धलेखनाच्या ११ चुका, एका नकाशात वैतरणा नदीचे नाव उलट्या बाजूला. दुपारी छापखान्यातील मुलाचा फोन आला, की पहिल्या पानावरच्या तक्त्यात शेवटचा रकाना पूर्ण रिकामा गेला आहे, मजकूर पाठवायचा राहिला का. मी सांगितले, राहिलेला नाही, तसाच छाप. तो म्हणाला, निदान एक आडवी रेघ टाकतो, नाहीतर चूक वाटते. रेघही नको म्हणून सांगितले. पाड्यावर जाणाऱ्या ५० प्रतींत तो रकाना पेनाने भरता आला पाहिजे.